सायकलवरून विलायत

अकोल्याहून अमरावती शंभरेक किलोमीटर. मोटारीने दोन तास, एस. टी.ने थोडे जास्त. हेच अंतर कुणी सायकलवर जायचे म्हटले, तर आपल्याकडे घरातले वडीलधारे माणूस पहिला प्रश्न विचारते, ‘‘कायले जातं बाबू येवढ्या लांब?’’ या ‘कायले’ला उत्तर देणे फार कठीण. सायकलवरून लांब जाणाऱ्यांना जगभर हाच प्रश्न विचारला गेला आहे आणि बहुतेकांनी उत्तर न देता पायडल मारायला सुरुवात केली आहे.

आज अमरावती, अकोला, नागपूरकडची तरुण मुलेमुली पॅरिसहून ब्रेस्टला, नाहीतर व्हिएन्नाहून बुडापेस्टला सायकलने जायचे बेत आखतात. नकाशे फोनवर असतात, खोल्या आधी ठरवता येतात, सायकल खोक्यात भरून विमानात टाकता येते. तरीही असा बेत म्हणजे काय प्रकरण असते, हे समजून घ्यायचे तर शंभर वर्षे मागे, १५ ऑक्टोबर १९२३ या दिवशी मुंबईत जावे लागते. त्या दिवशी सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांच्याकडे जाण्याआधी सायकलविषयी दोन शब्द सांगतो.

आपण वापरतो तशी, दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडात तयार झाली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप यांनी हवा भरलेला टायर केला. त्याआधी पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे आणि मागचे ताटलीएवढे, अशी सायकल होती. तसल्या उंच सायकलवर थॉमस स्टीव्हन्स नावाच्या गृहस्थाने १८८४ ते १८८७ या काळात जगाला फेरी घातली. तो १८८६ साली आपल्याही देशात आला होता. लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने थेट कलकत्त्याला गेला. आमचा वऱ्हाड त्याच्या वाटेवर नव्हता. आपल्याकडे कापूस न्यायला आगगाडी १८६७ मध्येच नागपूरपर्यंत पोचली होती. सायकल मात्र पुष्कळ नंतर, आधी साहेबाकडे, मग वकील-डॉक्टरांकडे आणि मग हळूहळू मास्तर, तारवाले आणि जिनिंगमधले कारकून यांच्याकडे आली. नगरपालिकेचा सायकलकर, हँडलला लावायचा पत्र्याचा बिल्ला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलिसाची शिट्टी, आणि तासावर भाड्याने मिळणारी सायकल. माझ्या पिढीच्या लोकांना हे सगळे सांगायची गरज नाही.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा पहिला गाजलेला बेत एका वर्तमानपत्राने आखला होता. पॅरिसच्या ‘ल पति जुर्नाल’ या दैनिकाचे संपादक पिएर जिफार यांनी १८९१ च्या सप्टेंबरात पॅरिसहून समुद्रकाठच्या ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला यायची शर्यत भरवली. जाऊन-येऊन १२०० किलोमीटर. म्हणजे अमरावती ते अकोला सहा वेळा जायचे आणि सहा वेळा यायचे, न थांबता. दोनशेवर स्वार निघाले आणि शंभराच्या आसपास परत पोचले. शार्ल तेराँ नावाचा गडी ७१ तास २२ मिनिटांत पहिला आला.

तेराँ कसा जिंकला, ते ऐकण्यासारखे आहे. त्याच्या सायकलला मिशेलाँ कंपनीचे नवे, चाकावरून काढता येणारे हवेचे टायर होते. पंक्चर झाले तर टायर उतरवून ठिगळ लावता येत होते. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण त्या वेळचे बाकीचे टायर रिमला चिकटवलेले असत. दुसरी गोष्ट झोपेची. त्याचा प्रतिस्पर्धी जिएल-लाव्हाल परतीच्या वाटेवर गँगाँ या गावी थोडा वेळ झोपला. तेराँला ही बातमी लागली आणि तो अंधारात गुपचूप पुढे सटकला. तीन रात्री त्याने जवळजवळ डोळा लावला नाही, आणि जवळपास आठ तासांच्या फरकाने तो पॅरिसला पोचला. लांबच्या सायकलप्रवासात पायांपेक्षा झोपेचा आणि रबराचा हिशेब मोठा असतो, हे पहिल्याच शर्यतीत कळून चुकले. (पॅरिसचे मिठाईवाले मागे कसे राहतील? १९१० च्या सुमारास एकाने चाकासारखी गोल पेस्ट्री काढली. तिचे नावच ‘पॅरिस-ब्रेस्ट’. ती आजही मिळते.)

आता मुंबईकडे वळू.

१९२० साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच माणसाचे व्याख्यान झाले. हा गृहस्थ युरोपातून चालत हिंदुस्थानात आला होता. ऐकणाऱ्यांत काही पारशी तरुण होते. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबात वजने उचलणारी ही धट्टीकट्टी मुले. हा चालत आला, तर आपण सायकलवर का जाऊ नये, असे त्यांच्या मनाने घेतले. निघायला तीन वर्षे लागली. शेवटी निघाले ते सहा जण : आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कपाडिया. तिकडे जायला सोपा मार्ग म्हणजे बोट, पण हे निघाले जमिनीवरून. पंजाब, बलुचिस्तान, इराण, बगदाद.

यात बेत आखायचा म्हणजे काय काय ठरवायचे, याचा जरा विचार करा. नकाशा? मोठ्या शहरांमधला रस्ता कुठे खडीचा, कुठे नुसता उंटांच्या पावलांचा, हे नकाशा सांगत नव्हता. पैसा? क्रेडिट कार्ड नाही, गावोगावी बँक नाही; रोकड जवळ बाळगायची तर लुटारूंचे भय. टायर-ट्यूब? आपल्याकडे एक सराटा घुसला की माणूस सायकल खांद्याला लावून दुकान शोधतो. इराणच्या वाळवंटात दुकान कुठले? सायकलला गिअर नाहीत, पोलादी सांगाडा जड, वर सामानाचा बोजा. त्या काळी सायकलचे चांगले दिवे कार्बाइडचे असत. आतल्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडले की गॅस तयार होतो आणि जळतो. म्हणजे दिव्यालाही पाणी पाहिजे आणि माणसालाही पाणी पाहिजे. वाळवंटात दोघांपैकी कुणाला द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

बगदाद ते अलेप्पो हा टप्पा तर विलक्षणच. ९५६ किलोमीटरचे मेसोपोटेमियाचे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत पार केले. ते सायकलवरून पार करणारे हे पहिलेच, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. दिवसाला सरासरी ४०-४२ किलोमीटर, म्हणजे अमरावतीहून निघून मूर्तिजापूरही गाठले नाही. पण ती वाळू होती. गंमत अशी की १९२३ च्या ऑक्टोबरात, ही मुले मुंबईहून निघाली त्याच महिन्यात, नेअर्न बंधूंनी दमास्कस ते बगदाद अशी वाळवंटातली मोटारसेवा सुरू केली. वाळवंट मोटारीने ओलांडायचे दिवस सुरू होत होते, आणि त्याच वेळी हे वेडे पीर पायडल मारत निघाले होते. उष्णता अशी, की या प्रवासात ६० अंशांपर्यंतचा उन्हाळा सोसल्याचे सांगितले जाते. कधी पाच-पाच दिवस पोटात अन्न नाही. आपल्याकडे मे महिन्यात अकोल्याला पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही. त्यावरून अंदाज करा.

तेहरानहून नरिमन कपाडिया घरगुती कारणाने परतले. उरलेले पाच इटलीला उतरले आणि आल्प्स ओलांडून युरोपभर सायकली चालवत इंग्लंडला पोचले. आल्प्समध्ये ते ६६०० फुटांपर्यंत चढले. आपले चिखलदरा साधारण ३६०० फूट. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट सायकलने चढलेल्या माणसाला हा आकडा काय म्हणतो ते कळेल. पुढे अमेरिका. तिथे पाच महिने, ८००० किलोमीटरहून अधिक. अमेरिकेत गुस्ताद हाथीराम यांनी मुक्काम टाकायचा निर्णय घेतला, आणि त्यांच्या जाण्याने मन खट्टू झालेले केकी पोचखानावाला मुंबईला परतले. उरले तिघे : हकीम, बापासोला आणि भुमगरा. जपान, कोरिया, चीन, इंडोचायना, सयाम, ब्रह्मदेश अशी वाट तुडवत ते १८ मार्च १९२८ ला मुंबईत दाखल झाले. ४४,००० मैल, म्हणजे ७१,००० किलोमीटर. साडेचार वर्षांना एक महिना कमी.

सहातले तीन पोचले. मला या गोष्टीचे महत्त्व मोठे वाटते. प्रवासाच्या बेतात आपण सगळे मोजतो, किती लिटर पाणी, किती ट्यूब, किती रुपये. सोबत्याचे मन कुठपर्यंत टिकेल हे मात्र कोणत्याही वहीत मांडता येत नाही. जे परतले, त्यांची नावे लोक गाळतात. मी मुद्दाम सहाही सांगितली. तेहरानपर्यंत सायकलने जाणे ही काय किरकोळ गोष्ट आहे?

तिघांनी लिहिलेले प्रवासवर्णन १९३१ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची आहे. त्यानंतर कित्येक वर्षे हे पुस्तक विस्मृतीत होते. आपल्या शाळेच्या पुस्तकात तर ही नावे कधीच आली नाहीत. मार्को पोलो पाठ करणाऱ्या मुलांना आदी हकीम कोण हे विचारून पाहा.

या सहांच्या पाठोपाठ १९२४ साली मुंबईहून फ्रामरोझ दावर एकटेच निघाले. ते खेळांविषयी लिहिणारे पत्रकार, वय तिशीचे. एकट्याने इराण, इराक करत ते व्हिएन्नाला पोचले आणि तिथे त्यांना गुस्ताव स्टावियानिक नावाचा ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला. भाषा वेगळी, धर्म वेगळा, देश वेगळा. पण वेड एकच. दोघे मिळून पुढे निघाले ते सहारा, पश्चिम आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अँडीज आणि ॲमेझॉनचे जंगल अशी वाट करून. दावर १९३१ साली परतले तेव्हा सुमारे १,१०,००० किलोमीटर आणि ५२ देश झाले होते. त्यांनीही पुस्तके लिहिली.

दावर पोचले त्या काळच्या व्हिएन्नाचा विचार केला, की युरोपातल्या दोन शहरांमधून सायकलने जायचे म्हणजे काय होते ते नीट समजते. १९१८ पर्यंत व्हिएन्ना आणि बुडापेस्ट एकाच सम्राटाच्या राज्यात होती. डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने सुमारे तीनशे किलोमीटर, सायकलवाल्याचे चार दिवसांचे निवांत काम. पहिल्या महायुद्धात साम्राज्य मोडले आणि मध्ये सरहद्दी उभ्या राहिल्या. वाटेवरचे प्रेसबुर्ग एका रात्रीत तिसऱ्याच देशात गेले आणि त्याचे नाव ब्रातिस्लाव्हा झाले. जिथे युद्धाआधी माणूस कागदाशिवाय हिंडत होता, तिथे पासपोर्ट, व्हिसा, शिक्के, जकात असे सगळे आले. आज आपल्या खिशात असते तशी पासपोर्टाची पुस्तिका ही १९२० साली पॅरिसला भरलेल्या परिषदेने ठरवून दिलेली आहे. त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टाचा कायदा झाला. पैशाचेही तसेच. ऑस्ट्रियाच्या क्रोननची किंमत इतकी घसरली होती, की १९२५ मध्ये शिलिंग हे नवे नाणे आले तेव्हा दहा हजार क्रोनन देऊन एक शिलिंग मिळे. सायकलच्या पिशवीत नोटांची पुडकी ठेवावीत की ट्यूब?

आता यातली उलटापालट पाहा. १९२३ चे हे तरुण परतंत्र देशातले, पण इंग्लंडच्या राजाचे प्रजाजन होते. त्यामुळे एकदा पासपोर्ट हाती आला की लंडनचे दार त्यांना कायद्याने उघडे होते. राष्ट्रकुलातल्या लोकांना इंग्लंडात येण्यावर निर्बंध घालणारा कायदा १९६२ साली झाला, त्याआधी नाही. अडचण होती ती युरोपातल्या देशांच्या सरहद्दींची. आज नेमके उलट आहे. व्हिएन्ना ते बुडापेस्ट सायकलने जाताना सरहद्द कुठे गेली ते पाटी वाचली तरच कळते. शेंगेन कराराचे देश एकमेकांत सरहद्द मानत नाहीत, आणि हंगेरी २००७ च्या डिसेंबरात त्यात आला. भारतीय माणसाला एकच व्हिसा पुरतो, १८० दिवसांत ९० दिवसांचा. पण लंडन ते पॅरिस जायचे म्हणा! अंतर चारशे किलोमीटर, न्यूहेवनपर्यंत सायकल, मग बोटीने दिएप, मग पुन्हा सायकल. २०१२ साली हा मार्ग सायकलवाल्यांसाठी खास आखून खुला केला गेला. सुंदर वाट आहे म्हणतात. मात्र भारतीय पासपोर्टवाल्याला त्यासाठी दोन वेगळे व्हिसा, दोन वेगळी कागदपत्रे, दोन वेगळी शुल्के. गुलाम देशातल्या मुलाला जे दार उघडे होते, ते स्वतंत्र देशातल्या मुलाला फी भरून ठोठवावे लागते. मला स्वातंत्र्याविषयी तक्रार नाही. पण पुढच्या वेळी कुणी म्हणाले, ‘आता काय, जग जवळ आले’, तर त्याला व्हिसाच्या अर्जाची पाने मोजायला सांगा.

तिसरी तुकडी १९३३ साली मुंबईहून निघाली. केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ. हे अफगाणिस्तानमार्गे गेले. पाच खंड, ८४,००० किलोमीटर, आणि परतले १९४२ साली. म्हणजे निघाले तेव्हा जर्मनीत हिटलर नुकताच सत्तेवर आला होता, आणि परतले तेव्हा जग दुसऱ्या महायुद्धात जळत होते. नऊ वर्षे! घरच्यांनी काय म्हणून वाट पाहिली असेल?

मग या सगळ्यात आपले वऱ्हाड कुठे? वऱ्हाडाची त्या काळातली गाजलेली विलायतवारी सायकलच्या गादीवरून नव्हे, मलखांबाच्या वाटेने झाली. अमरावतीला वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि हुतुतूसारखे आपले खेळ व देशी व्यायामप्रकार तिथे करून दाखवले. पुढे १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाडला, म्हणजे व्यायामपटूंच्या मोठ्या जागतिक मेळाव्यालाही मंडळाचे पथक होते. ज्या काळात अमरावतीहून मुंबई गाठणे हाच मोठा प्रवास वाटे, त्या काळात ही मंडळी अख्खे पथक घेऊन बोटीने युरोपात उतरली. मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबातून सायकलस्वार निघाले आणि अमरावतीच्या आखाड्यातून बर्लिनचे पथक निघाले, यात मला एक नाते दिसते. परक्या राज्यात राहणाऱ्या तरुणांना आपले शरीर हीच एक स्वतःची मालमत्ता वाटत होती, आणि ती जगाला दाखवावी असे त्यांना वाटले. एकाने ती अंतर तोडून दाखवली, दुसऱ्याने मैदानात.

आता आजच्या बेतांकडे येऊ. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस अजून चालू आहे. शर्यत म्हणून ती केव्हाच बंद पडली. आता दर चार वर्षांनी हौशी सायकलस्वारांची ती ठरावीक वेळेतली वारी असते. १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास. त्यासाठी आधी त्याच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात. त्यांना ‘ब्रेव्हे’ म्हणतात. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस आणि सहाशेला चाळीस. ठरल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. अमरावती ते अकोला आणि परत, म्हणजे एक दोनशेची फेरी झालीच समजा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये भारतातून तीनशेहून अधिक सायकलस्वार या वारीला गेले होते. पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ती वेळेत पूर्ण करता आली नाही. का? पाय कमी पडले म्हणावे, तर हेच लोक इथे ६०० किलोमीटर करून गेले होते. जाणकार जी कारणे सांगतात, ती बेत आखणाऱ्याने वहीत लिहून ठेवावीत अशी आहेत. पहिले, चढउतार. ब्रेस्टच्या वाटेवर मोठा घाट नाही, पण सपाट रस्ताही नाही. टेकडी संपली की टेकडी. सगळे चढ मिळवले तर दहा हजार मीटरहून अधिक होतात. आपली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन पायांना ही सवय लावत नाही. दुसरे, थंडी. ऑगस्ट म्हणजे युरोपचा उन्हाळा, असे आपण वाचतो आणि पातळ जर्सी घेऊन जातो. तिथे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि अंगातला घाम बर्फासारखा होतो. ज्याने आयुष्यभर उन्हापासून बचाव करायचा अभ्यास केला, त्याला थंडीची परीक्षा अचानक द्यावी लागते. तिसरे, झोप. विमानातून उतरल्यावर शरीराचे घड्याळ साडेतीन तास पुढे असते आणि त्यातच रात्र-रात्र जागायचे. तेराँची युक्ती सगळ्यांना जमत नाही. चौथे, पोट. चार दिवस पाव, चीज, पास्ता. शाकाहारी माणसाने आधी घरी हे खाऊन पाहावे. इथल्या सरावात पोहे आणि उसळ खायची आणि तिथे शर्यतीच्या रात्री पहिल्यांदा चीज चाखायचे, हा बेत नव्हे.

आपल्या विदर्भातल्या माणसांनी मात्र मोठे पल्ले गाठून दाखवले आहेत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९१०० किलोमीटरची शर्यत त्यांनी पंधरा टप्प्यांत पुरी केली. सैबेरियातून! त्याच २०१८ साली पुण्याची वेदांगी कुलकर्णी, वय अवघे वीस, १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर सायकल चालवून आली. स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटले गेले, रशियात बर्फात दिवस काढावे लागले. सहा पारशी तरुणांना लुटारूंचे भय होते ते वाळवंटात. या मुलीला ते भेटले सुधारलेल्या युरोपात.

पण सगळ्यांनी शर्यतीच लावाव्यात असे थोडेच आहे? आमच्या वयाच्या माणसाला डॅन्यूबकाठचा रस्ता बरा. युरोपातल्या सायकलस्वारांच्या महासंघाने देशादेशांतून जाणारे लांबलांब सायकलमार्ग जोडून ‘युरोव्हेलो’ नावाचे जाळे उभे केले आहे. त्यातला सहावा मार्ग अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत नद्यांच्या काठाने जातो, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट त्यावरच आहेत. मोटारींपासून बराचसा वेगळा रस्ता, जागोजाग पाट्या, नदीबरोबर वाहणारा उतार. नदीच्या उगमाकडून मुखाकडे जावे, म्हणजे उतार आपल्या बाजूने. एवढे साधे शहाणपण बेत आखताना पुष्कळ जण विसरतात. कोणती रेल्वे सायकल चढवू देते, कोणती नाही, हे आधी पाहावे. पाऊस आला, गुडघा दुखला, की माणूस सायकलसकट गाडीत बसतो. त्यात कमीपणा नाही.

आणि सराव? सराव इथेच करावा लागतो. अमरावती-अकोला रस्त्याचे नाव २०२२ साली जगभर झाले. लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर ३ ते ७ जून या काळात १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता करणाऱ्या मजुरांच्या कष्टाला सलामच करायला हवा. जूनच्या उन्हात गरम डांबराजवळ उभे राहणे काय असते ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. मात्र याच महामार्गावर सायकलवाला कुठून चालायचा, हा प्रश्न कुणी नीट सोडवलेला नाही. ट्रक अंगाला घासून जातो, कडेच्या पट्टीवर खडी आणि काचा. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतल्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. त्यांतल्या काही मुलींना शाळा गाठायला हाच रस्ता ओलांडावा लागतो. व्हिएन्नाला नदीकाठी सायकलसाठी वेगळी वाट आहे. इथे निदान पांढऱ्या पट्टीबाहेरचा हातभर डांबर झाडून साफ ठेवला, तरी पुष्कळ होईल.

तोवर दोनशेची फेरी करून पाहायची असेल, त्याने थंडीचे दिवस धरावेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे चारला अमरावती सोडावी, मागे लाल दिवा, अंगात चमकणारे जाकीट. मूर्तिजापूरला उजाडते आणि चहाच्या टपऱ्या उघडतात. दोन ट्यूब, ठिगळाचा डबा आणि पंप जवळ असावा. बाभळीचा काटा अजून १९२३ इतकाच टोकदार आहे. दहाच्या आत अकोला गाठले, तर ऊन चढायच्या आधी निम्मे काम होते. परतताना वारा समोरून आला, तर तेवढ्यापुरते ब्रेस्ट झाले असे समजावे.